दुसरी किल्ली कुणाकडे?

३० जानेवारी १९४८. त्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली आणि देशाच्या आठवणीत त्या तारखेला दुसरे काही उरलेच नाही. तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या नांदेड जिल्ह्यात मात्र ती तारीख आणखी एका घटनेसाठी सांगितली जाते. त्याच दिवशी उमरी या कापसाच्या पेठेत हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर स्टेट काँग्रेसच्या सैनिकांनी धाड घातली आणि रोकड उचलून उमरखेडच्या कॅम्पावर नेली. उमरखेड पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडात, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. रकमेचा आकडा कुणी वीस लाख सांगतो, कुणी बावीस. पैसा मुक्तिसंग्रामाच्या खर्चासाठी हवा होता. उमरखेड कॅम्पावर तेव्हा अनंत भालेराव होते. पुढे दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक म्हणून गाजलेले तेच हे भालेराव.

एवढ्याशा उमरीत एवढी रोकड आली कुठून, असा प्रश्न आज पडतो. जानेवारी म्हणजे कापसाचा भर हंगाम. गाव मनमाड-सिकंदराबाद रेल्वेवर, तिथे जिनिंग-प्रेसिंगची धामधूम, आणि सगळा व्यवहार रोखीचा, तोही निजामाच्या हाली रुपयात. हैदराबाद स्टेट बँक जेमतेम सहा वर्षांची होती. १९४१ च्या कायद्याने ती स्थापन झाली आणि १९४२ साली कामाला लागली. पण साध्या बँकेपेक्षा तिचे वजन जास्त होते, कारण संस्थानचे चलन आणि सरकारी खजिन्याचे व्यवहार तिच्याकडे होते. उमरीत हात घातला गेला तो थेट निजामाच्या गल्ल्यात.

उमरीची हकीकत सांगताना तिजोरीचे पोलाद किती इंच जाड होते, हे कुणी सांगत नाही. ते बरोबरच आहे. समोर बंदूक आली की तिजोरीच्या जाडीला अर्थ उरत नाही. ती उघडू शकणारा माणूस कोण, तो एकटा आहे की दोघे, आणि दुसरा कुठे आहे, एवढेच प्रश्न उरतात. मराठवाड्यात पैसाअडका आणि धान्य राखण्याचा इतिहास पाहिला तर तो याच प्रश्नांभोवती फिरताना दिसतो. लोखंड, कुलूप, चकती, आकड्यांची कळपट्टी हे सगळे त्यानंतरचे.

लोखंडी तिजोरी गावात येण्याआधीही माणसे काहीतरी राखून ठेवतच होती. मराठवाड्यातली सर्वांत मोठी तिजोरी जमिनीखाली होती आणि तिच्यात ज्वारी होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेला, अरुंद तोंडाचा आणि पोटात रुंद होत गेलेला खड्डा. आतून कडबा लावायचा, धान्य ओतायचे, तोंड बुजवून वर माती सारायची. माहीत नसलेल्या माणसाला पेवाचा पत्ता लागत नसे. पण पेव उघडणे एकट्याचे काम नव्हते. आत साठलेल्या विषारी हवेने माणूस गुदमरून मरतो, म्हणून तोंड उघडून वाट पाहायची, दिवा आत सोडून पाहायचा, तो विझला तर थांबायचे, मग एकाने उतरायचे आणि बाकीच्यांनी वर उभे राहायचे. म्हणजे चार माणसे लागणार आणि सगळ्या आळीला कळणार. चोरट्याला हवी असते घाई आणि गुप्तता. पेवात त्याला दोन्ही मिळत नसत. टाइम डिले, म्हणजे कुलूप मुद्दाम उशिरा उघडण्याची सोय, हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधी ती सोय इथल्या काळ्या मातीत होती, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

घरातल्या घरात बळद असे. माळवदाच्या घरांच्या भिंती दोन-तीन हात रुंदीच्या. त्या भिंतींच्या पोटात उंच, अंधारी जागा सोडलेली. वरून धान्य ओतायचे, खालच्या भोकातून काढायचे. धान्याच्या तळाशी कधी चांदीचे रुपये, कधी पाटल्या-गोठ. रझाकारांच्या दिवसांत तेही भरवशाचे वाटेना, तेव्हा दागिने गाडग्यात घालून परसात पुरले गेले. पुरणारा माणूस पुढे परतला नाही, म्हणजे ते धन कायमचे मातीत. एकच किल्ली आणि तीही एकाच्या डोक्यात ठेवली की काय होते, त्याचे हे उदाहरण.

सरकारला अशी जोखीम परवडत नाही. ट्रेझरी, म्हणजे कोषागार, चालते ते डबल लॉकवर. मुद्रांक, मौल्यवान वस्तू, सीलबंद पेट्या ज्या खोलीत ठेवतात, तिच्या दाराला दोन कुलुपे. एकाची किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसऱ्याची खजिनदाराकडे. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही आणि दोघे हजर असल्याशिवाय दार हलत नाही. काय आत गेले आणि काय बाहेर आले याची नोंद डबल लॉक रजिस्टरात. इंग्रजी अमलात मुरलेली ही पद्धत स्वातंत्र्यानंतर जशीच्या तशी राहिली. आज मतदान यंत्रांच्या स्ट्राँगरूमलाही दोन कुलुपेच लागतात. बँकेतल्या लॉकरचे तत्त्वही तेच. एक किल्ली बँकेची, एक ग्राहकाची, आणि दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नाही. कारकुनी रटाळ वाटणारी ही व्यवस्था खरे तर कुलूपशास्त्रातल्या सर्वांत हुशार कल्पनांपैकी एक आहे. तिला लागणारे तंत्रज्ञान म्हणजे दोन साधी कुलुपे आणि एकमेकांवर पूर्ण विश्वास नसलेली दोन माणसे.

लोखंडी तिजोरी व्यापारी पेठांमध्ये आली ती मुंबईहून. वकिली सोडून धंद्यात उतरलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी शस्त्रक्रियेची अवजारे बनवून पाहिली, ते जमले नाही, आणि १८९७ साली लालबागला कुलुपे बनवायला घेतली. १९०२ पासून तिजोऱ्या. तोवर देशात चांगली तिजोरी म्हणजे विलायती, असाच समज होता. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उडाले. त्यावर दारूगोळा होता, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या १२४ विटाही. शहराचा मोठा भाग पेटला. त्या आगीतून आपल्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत निघाले, हे गोदरेजने पुढे वर्षानुवर्षे अभिमानाने सांगितले. मराठवाड्यात ‘गोदरेज’ हे कोणत्याही पोलादी कपाटाचे नाव होऊन बसले. मुलीच्या लग्नात कपाट दिले की ते कोणत्याही कारखान्याचे असो, गोदरेजच.

लातूरची गंजगोलाई याच काळातली. १९१७ साली आखलेली गोल पेठ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्यावर सराफ, एकावर मिरची, एकावर गूळ, एकावर चपला. लातूर तेव्हा जिल्हा नव्हते (तो १६ ऑगस्ट १९८२ ला झाला), पण पैसा होता. सराफाच्या दुकानात मागच्या भिंतीत बसवलेली तिजोरी आणि तिच्यावर गणपतीचा फोटो, हे दृश्य लातूरला काय किंवा नांदेडच्या सराफ्यात काय, सारखेच. किल्ली मालकाच्या कमरेला. दुसरी? ती बहुतेक घरात, आईच्या पेटीत. दुकानाची सुरक्षा अशी घरच्या नात्यांवर उभी होती.

मग ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे झाली होती. किल्लारीच्या भूकंपात ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या धन आणि धान्य पोटात धरले होते, त्याच भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे वजनदार माळवद, हेच मरणाचे कारण ठरले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि नव्या घरांत बळदाला जागा नव्हती. माणूस वाचावा म्हणून भिंत हलकी झाली आणि दागिन्यांना दुसरा आसरा शोधावा लागला. आधी पोलादी कपाट, मग बँकेचा लॉकर.

लॉकरच्या बाबतीत एक गोष्ट लोकांना फार उशिरा कळली. आतली वस्तू गेली तर बँक जबाबदार नाही, असे करारात लिहिलेले असे. १९ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने बँकांना असे हात झटकता येणार नाहीत असे बजावले. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याचा गैरव्यवहार यांमुळे नुकसान झाले तर वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाई. लॉकरचे भाडे दोन हजार असेल तर दोन लाख. घरातल्या सोन्याच्या मानाने ही रक्कम किती अपुरी, हे आजच्या भावात सांगायला नको.

किल्लीऐवजी खुणेचे कुलूप ही कल्पना मात्र बरीच जुनी. १२०६ साली अल-जझारी या अरब यंत्रविद्याविशारदाने आपल्या ग्रंथात चार चकत्यांचे कुलूप वर्णिले. प्रत्येक चकतीवर सोळा अक्षरे. हिशेब केला तर ६५,५३६ शक्यता होतात. १८१८ साली इंग्लंडात चब यांनी असे कुलूप काढले की चुकीची किल्ली घातली तर ते अडकून बसे आणि मालकाला कळे की कुणीतरी हात लावून गेला. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने तेही उघडून दाखवले. पण खरा बदल झाला १८७३ साली. अमेरिकेत दरोडेखोर बँकेच्या कॅशिअरला रात्री घरातून उचलून आणत आणि त्याच्याकडून तिजोरी उघडवून घेत. यावर जेम्स सार्जंटने घड्याळाचे कुलूप केले. ठरलेली वेळ होईपर्यंत ते कुणालाच उघडता येत नाही, मालकालाही नाही. बंदूक दाखवून उपयोग काय, ज्याच्यावर ती रोखली आहे त्यालाच उघडता येत नसेल तर? उमरीत असे कुलूप असते तर मराठवाड्याच्या इतिहासातले एक प्रकरण वेगळे लिहावे लागले असते.

१९८० च्या दशकापासून बाजारात आलेल्या इलेक्ट्रॉनिक कुलपांनी या साऱ्या जुन्या युक्त्या एका छोट्या पट्टीत कोंबल्या. म्हणून तिच्यावरचे एकेक मोड म्हणजे एकेका जुन्या भीतीचे उत्तर आहे. मास्टर कोड मालकाचा, युजर कोड नोकराचा. मालक नोकराचा कोड चालू-बंद करू शकतो, नोकर मालकाचा नाही. ड्युअल मोड लावला की दोन कोड लागोपाठ पडल्याशिवाय बोल्ट सरकत नाही. ट्रेझरीचे डबल लॉकच ते, फक्त किल्ल्यांऐवजी आकड्यांत. टाइम डिले लावला की कोड बरोबर असूनही दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, आणि मग थोडा वेळ उघडणाऱ्या खिडकीत पुन्हा कोड टाकायचा. ती खिडकी चुकली तर पहिल्यापासून सुरुवात. रात्रीचे तास बंद ठेवण्याची सोय म्हणजे सार्जंटचे घड्याळ. ड्युरेस कोड सर्वांत नाट्यमय. धाकाखाली असताना आपलाच कोड शेवटचा आकडा बदलून टाकायचा. तिजोरी नेहमीसारखी उघडते आणि लांब कुठेतरी अलार्म वाजतो. समोर उभ्या असलेल्याला काही कळत नाही.

सलग चुकीचे कोड पडले की कुलूप काही मिनिटे गप्प बसते, ही शिक्षा दिसते क्षुल्लक. सहा आकडी कोडाच्या दहा लाख शक्यता. चार चुकांनंतर पाच मिनिटे बंद, असे धरले तर सगळे कोड तपासायला साधारण ८६८ दिवस लागतात, तेही न जेवता न झोपता. बळदाची भिंत तीन हात जाड होती, ही भिंत सव्वादोन वर्षांहून जास्त जाड आहे.

पण ही भिंत उभी राहते ती कोड बदलला तरच. कारखान्यातून येणारे कुलूप ओळीने एक ते सहा अशा एखाद्या ठरावीक कोडवर येते. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसला अणुबाँबची गुपिते असलेल्या तिजोऱ्यांशी चाळा करणारे रिचर्ड फाइनमन यांना शेवटी कळले की कित्येकांनी कारखान्याचे आकडे बदललेच नव्हते. बाँब बनवणाऱ्यांची ही तऱ्हा, तर सराफाच्या गुमास्त्याला काय बोल लावायचा! कोड बदलण्याची रीत बहुतेक कुलपांत साधी असते. दार उघडे ठेवून शून्य दाबून धरायचे, दोनदा बीप आला की जुना कोड एकदा आणि नवा दोनदा. मग दार उघडेच ठेवून तीन-चार वेळा बोल्ट सरकतो का ते पाहायचे. हा शेवटचा टप्पा गाळणाऱ्यांवर कारागिरांचे घर चालते.

आपल्या भागात या तंत्राचा खरा वापर झाला तो एटीएमने. तालुक्याच्या गावात, रस्त्याकडेला, लाखो रुपये भरलेली पेटी, आणि ती भरायला येणारी माणसे बँकेची नव्हे, कंत्राटी कंपनीची. ठरलेला कोड असला की नोकरी सोडून गेलेला माणूसही तो घेऊन जातो. रिझर्व्ह बँकेने १४ जून २०१९ च्या परिपत्रकात सांगितले की रोकड भरण्यासाठी एटीएम फक्त एकदाच चालणाऱ्या कोडच्या कुलपाने उघडावे, आणि ३० सप्टेंबर २०१९ पर्यंत यंत्रे भिंतीत, खांबात किंवा जमिनीत पक्की रोवावीत. आता भरणाऱ्याला त्या फेरीपुरता कोड मिळतो, तो एकदाच चालतो, आणि दार लावल्यावर कुलूप स्वतः एक आकडा दाखवते. तो परत कळवल्याशिवाय काम पूर्ण झाले असे धरत नाहीत. दुसरी किल्ली इथे माणसाच्या हातात नाहीच, ती दूरच्या कंट्रोल रूममध्ये आहे. त्याच वर्षीपासून ग्रामीण भागात संध्याकाळी सहानंतर आणि शहरात रात्री नऊनंतर एटीएममध्ये रोकड भरू नये, असाही केंद्राचा नियम आला. चोरटे मग कोडच्या नादी न लागता गॅस कटर घेऊन येऊ लागले.

कुलूप शाबूत आणि माल गायब, याचे मोठे उदाहरण लातूर-नांदेडच्या घराघरांत पोचले ते २०२४ साली. लातूर म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या शिकवण्यांचे गाव. ५ मेच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका ज्या पेट्यांतून गेल्या, त्यांना ठरलेल्या वेळी आपोआप उघडणारे डिजिटल कुलूप होते. झारखंडातल्या हजारीबागच्या केंद्रावर ते कुलूप वेळेवर उघडले नाही, आणि पेटी कापून उघडावी लागली. सीबीआयच्या तपासातून पुढे आले की प्रश्नपत्रिका त्याआधीच, सकाळीच, पेटी अवजारांनी उघडून काढल्या गेल्या होत्या. सार्जंटच्या कल्पनेला दीडशे वर्षे झाली होती. घड्याळाचे कुलूप लावलेले होते, पण राखणदारी एका केंद्रावरच्या ओळखीच्या माणसांवर सोपवली होती. 

त्याआधी, जानेवारी २०२१ मध्ये, खुद्द नांदेडला एका नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून १४ कोटींहून अधिक रुपये ऑनलाइन लंपास झाले. उमरीच्या सुमारे सत्तर पट आकडा, निदान कागदावर. कुणी धाड घातली नाही, कुणाच्या कमरेची किल्ली काढून घेतली नाही, स्ट्राँगरूमचे दार उघडलेही नाही.

आणि कुलूप बनवणाऱ्याचे काय? २०२३ साली अमेरिकेत एका मोठ्या तिजोरी कंपनीने वॉरंट घेऊन आलेल्या एफबीआयला ग्राहकाच्या तिजोरीचा कोड दिला. तेव्हा गिऱ्हाइकांना पहिल्यांदा समजले की आपण विकत घेतलेल्या तिजोरीची एक किल्ली कारखान्यातही असते. ओरड झाल्यावर कंपनीने नोंदीतून आपला कोड काढून टाकण्याची सोय दिली. भारतात विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक तिजोऱ्यांबद्दल हा प्रश्न दुकानात उभे राहून विचारणारा ग्राहक अजून विरळाच.

तो प्रश्न विचारावा. लग्नसराईच्या आधी लातूर-नांदेडच्या दुकानांतून चार-पाच हजारांची इलेक्ट्रॉनिक तिजोरी घरी आणणाऱ्यांनी आणखी एवढे करावे. मास्टर आणि युजर, दोन्ही कोड त्याच दिवशी बदलावेत, आणि त्यात जन्मतारीख किंवा गाडीचा नंबर नसावा. तिजोरी भिंतीला किंवा फरशीला बोल्टने आवळावी, नाहीतर दोघेजण ती कोडसकट उचलून नेतात. वर्षातून एकदा बॅटरी बदलावी. सोबत आलेली आपत्कालीन किल्ली तिजोरीच्या आत ठेवू नये. कित्येक घरांत ती तिथेच असते. ती दुसऱ्या घरी, विश्वासाच्या माणसाकडे द्यावी, आणि ती कुणाकडे आहे हे घरात किमान दोघांना ठाऊक असावे.